घरी पहिल्यांदाच मागचं चाक बांधताय? आधी ताण, मग आऊट

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, रोज सातपूरला कंपनीत सायकलने जातात, हायब्रिड आहे, ७००सी चाकं, मागे ३२ स्पोक. पावसाळ्यात मागचं चाक खड्ड्यात जोरात आदळलं, रिमला पोचा आला, दुकानात दोनदा आऊट, म्हणजे रिमचं डावं-उजवं डुलणं, काढून घेतला पण पंधरा-वीस दिवसांत परत चाक डुलतंय आणि वर कॅसेटकडचे, म्हणजे मागच्या गिअरच्या चक्र्यांकडचे, स्पोक एकेक करून तुटतायत. हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, मात्र एकदम मस्त फिरतोय. तर नवीन रिम आणि स्पोक आणून घरीच चाक बांधता येईल का, चाक धरायचा स्टँड नाही, स्पोकचा ताण मोजायचा टेन्शन मीटर नाही, आधी कधी केलेलं नाही.

येईल. आणि मी तर म्हणेन की पहिलं चाक बांधणारा माणूस नीट वेळ दिला तर गर्दीच्या दुकानातल्या चाकापेक्षा चांगलं चाक बांधतो, कारण दुकानात बाहेर चार गिऱ्हाईकं उभी असतात आणि तिथे चाक सरळ दिसलं की काम झालं. तुमच्याकडे रविवार आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, बाकी सगळं त्यावरच चालतं: चाक सरळ आहे म्हणून मजबूत नसतं, सगळे स्पोक पुरेसे आणि सारखे ताणलेले असले की ते मजबूत असतं.

तुमचं चाक परत परत आऊट का होतंय तेही यातच आलं. स्पोक फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. तुमचं वजन चाकावर येतं तेव्हा जमिनीकडच्या तीन-चार स्पोकचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरलं की तो परत भरतो. ७०० बाय ३२ चा टायर एका फेरीत साधारण सव्वादोन मीटरला थोडं कमी जातो, म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला एकदा गेलात की प्रत्येक स्पोक तेरा हजाराच्या आसपास वेळा सैल-घट्ट झाला. ताण पुरेसा असेल तर स्पोकला याचं काही नाही. ताण कमी असेल तर तो प्रत्येक फेरीत पार ढिला पडतो, कोपरातून हलतो, निपल, म्हणजे रिमकडे स्पोकचं टोक धरणारा छोटा नट, आपोआप सुटत जातं आणि एक दिवस हबजवळ स्पोक वळतो त्या बाकावर तुटतो. आता पोचा आलेली रिम नुसत्या स्पोकने ओढून सरळ केली की काय होतं, त्या जागचे दोन स्पोक तारेसारखे टाईट आणि शेजारचे दोन लुळे. चाक डोळ्याला सरळ, पण आतून भांडण चालूच. म्हणून दुकानातल्या माणसाला दोष देऊ नका, वाकलेल्या रिमवर याच्यापुढे कोणी काही करू शकत नाही. रिम बदलायचीच. आणि स्पोक तुटायला लागलेत म्हणजे बाकीचेही थकलेत, तेव्हा स्पोक-निपल सगळे नवीन घ्या, तिथे काटकसर नको.

पहिलं काम, आणि हे विसरलात तर डोक्याला हात लावाल: स्पोक सोडायच्या आधी कॅसेट काढून घ्या. जुन्या पद्धतीचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ते काढायला चाकाची पकड लागते, एकदा का स्पोक कापले आणि हातात नुसता हब राहिला की ते निघत नाही. मग जुन्या चाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, एक वॉल्वजवळचा, एक हबजवळचा, स्पोक कुठे वरून जातोय आणि कुठे खालून ते स्वच्छ दिसलं पाहिजे. पुढचं चाक रिम ब्रेकचं असेल तर तेही जवळ ठेवा, अडलं की बघायला, पण पुढच्या चाकात काही वेळा वेगळी वीण असते तेव्हा भरवसा फोटोवरच. स्पोक सोडताना सगळीकडून थोडे थोडे सोडा, एकाच बाजूचे धडाधड नको.

आता माप. नवख्या माणसाचं चाक अडतं ते इथेच, विणण्यात नाही. रिम २८ इंची आहे, ७००सी आहे एवढ्यावर स्पोक मिळत नाहीत, कारण ७००सी म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी, आणि आपल्याला हवा निपलचं डोकं बसतं तिथला व्यास, तो प्रत्येक रिमचा वेगळा, उंच रिमचा कमी, चपट्या रिमचा जास्त. रिमवर छापलेला असला तरी स्वतः मोजा. दोन जुने स्पोक घ्या, आट्यांची बाजू ठेवून दोन्ही बरोबर २५० मिमीचे कापा, समोरासमोरच्या दोन छिद्रांत निपल लावून बसवा (३२ छिद्रांत एका छिद्रापासून सोळावं), स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा, दोन्ही ताणून धरा आणि मधल्या दोन कापलेल्या टोकांतलं अंतर मोजा. १०० मिमी आलं तर व्यास ६००. हेच काटकोनातल्या दुसऱ्या जोडीवर करा, दोन्ही आकडे अर्ध्या मिलीच्या आत जुळले पाहिजेत. रिम काचेच्या टेबलवर आडवी ठेवूनही बघा, नवीन रिम टेबलवर डगमगत असेल तर ती तशीच परत करा.

हबची तीन मापं लागतात. फ्लँजवरच्या, म्हणजे हबच्या ज्या कडेला स्पोकची छिद्रं असतात तिच्यावरच्या, समोरासमोरच्या छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि हबच्या मध्यापासून प्रत्येक फ्लँज किती लांब. हे दुसरं असं काढा: एक्सलवरच्या दोन्ही टोकांच्या नटांच्या, म्हणजे लॉकनटांच्या, बाहेरच्या तोंडांमधलं अंतर हायब्रिडला बहुतेक १३५ मिमी असतं, त्याचं अर्धं साडेसदुसष्ट, त्यातून लॉकनट ते फ्लँज हे अंतर वजा करा. समजा कॅसेटकडे ४७ आलं तर फ्लँज मध्यापासून २०.५, डावीकडे ३३ आलं तर ३४.५. बघा, उजवी फ्लँज कॅसेटला जागा देण्यासाठी किती आत सरकलीय. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे ताणाच्या वेळी परत लागणार.

ऑनलाईन कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, त्यात आकडे टाका, पण एकदा हाताने केलं तर समजतं नेमकं काय चाललंय. रिमच्या त्रिज्येचा वर्ग, अधिक फ्लँजच्या त्रिज्येचा वर्ग, अधिक मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, यातून दोन गुणिले रिमची त्रिज्या गुणिले फ्लँजची त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाईन वजा, आलेल्याचं वर्गमूळ, त्यातून फ्लँजच्या छिद्राचा अर्धा व्यास म्हणजे सव्वा-दीड मिमी वजा. तीन क्रॉसला, म्हणजे प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडतो त्या विणीला, ३२ छिद्रांत कोन साडेसदुसष्ट अंश, ३६ छिद्रांत ६० अंश. फ्लँजचा व्यास ४५ धरला तर वरच्या आकड्यांवर उजवीकडे २९१.५ आणि डावीकडे २९२.९ येतं. स्पोक बऱ्याचदा २९०, २९२, २९४ अशा सम आकड्यांतच मिळतात, तर इथे दोन्हीकडे २९२ चालेल. एक मिलीने आखूड झाला तर निभावतं, एक मिलीच्या वर लांब झाला तर आटे संपतात आणि निपल पुढे जातच नाही. स्पोकची लांबी मोजताना बाकाच्या आतल्या अंगापासून आट्यांच्या टोकापर्यंत, डोक्यापासून नाही. दुकानदाराशी बोलताना हे आधी स्पष्ट करा.

स्पोक स्टेनलेसचेच घ्या, २ मिमी जाडीचे, म्हणजे १४ गेज, निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचं निपल हलकं असतं पण आपल्याकडचा पाऊस आणि चिखल त्याला सोसत नाही, दोन पावसाळ्यांत ते स्पोकला चिकटून बसतं आणि पाना लावला की गोल होतं. पान्याचंही तसंच, तो गोल चकतीसारखा अनेक खाचांचा पाना घेऊ नका, निपलच्या मापाचा एकच पाना घ्या, सगळ्यात जास्त लागणारं माप ३.२३ मिमी, पण आपल्याकडची काही निपलं जाड असतात म्हणून निपल खिशात घेऊन जा आणि पाना बसवून बघूनच आणा. आट्यांना लावायला रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल मिळतं, म्हणजे जवसाचं तेल, बांधताना ते वंगणाचं काम करतं आणि नंतर वाळून निपल धरून ठेवतं. नाही मिळालं तर साधं ग्रीस चालेल. कोरडे आटे मात्र नकोत, कोरड्या आट्यावर निपल फिरत नाही, स्पोकच पिळला जातो.

स्टँड नसला तरी अडत नाही. सायकल उलटी करून मागच्या चिमट्यातच चाक लावा, दोन्ही बाजूंच्या दांडीला एकेक झिप टाय बांधून तिचं टोक रिमजवळ येईल असं कापा, झाला गेज. ज्याला पुढेही चाकं बांधायचीत त्याने अंबड किंवा सातपूरला ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन पट्ट्यांचा स्टँड वेल्ड करून घ्यावा, नाशिकमध्ये ही सोय आहे आणि लोक ती वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. नाशिकचे महाजन बंधू २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण करून आले, त्यानंतर माझ्या बघण्यात तरी गावात भारी सायकली बऱ्याच वाढल्या, पण हाताने चाक बांधणारे मिस्त्री काही त्या मानाने वाढले नाहीत. पंचवटीत एक म्हातारे मिस्त्री जमिनीवर बसून, रिम पायाच्या अंगठ्यांत धरून काळ्या सायकलींची चाकं बांधायचे, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, त्यांच्याकडे गेज वगैरे काही नव्हतं, शेवटी नखाने एकेक स्पोक छेडत चाकभर फिरायचे आणि जिथे आवाज पडेल तिथे पाना. मी ताण कानाने ओळखायला तिथे बघून शिकलो.

आता विणकाम. ३२ स्पोक म्हणजे आठ-आठच्या चार तुकड्या. चाक कॅसेटच्या बाजूने बघा, वॉल्वचं छिद्र वर. रिमची छिद्रं एकाआड एक उजवी-डावीकडे किंचित झुकलेली दिसतील, उजवी छिद्रं उजव्या फ्लँजची. पहिली तुकडी: उजव्या फ्लँजच्या एकाआड एक छिद्रांत बाहेरून आत आठ स्पोक घाला, डोकी बाहेर दिसतील. त्यातला पहिला वॉल्वच्या उजवीकडच्या पहिल्या उजव्या छिद्रात, मग मध्ये तीन छिद्रं सोडून पुढचा, तीन सोडून पुढचा, असे आठही. निपल दोन-तीन आटेच लावा. दुसरी तुकडी डाव्या फ्लँजची, तीही बाहेरून आत. डाव्या फ्लँजची छिद्रं उजव्याच्या समोर नसतात, अर्धं घर सरकलेली असतात, एक स्पोक एक्सलला समांतर आडवा धरून बघा म्हणजे कळेल. डाव्या बाजूचा पहिला स्पोक रिमवर उजव्या पहिल्याच्या अगदी शेजारी आणि वॉल्वच्या त्याच अंगाला आला पाहिजे, हबवरचं छिद्रही त्याच अंगाचं निवडा. दोघांच्या मध्ये वॉल्व आला तर चुकलं, लगेच काढा.

आता हब कॅसेटच्या बाजूने बघत घड्याळाच्या दिशेने फिरवा, सगळे स्पोक तिरके होतील, वॉल्वशेजारचे दोघे वॉल्वपासून लांब झुकतील. तसंच झालं पाहिजे, नाहीतर पुढे पंपाचं तोंड बसायला जागा राहत नाही. तिसरी तुकडी उजव्या फ्लँजच्या उरलेल्या छिद्रांतून आतून बाहेर, या उलट दिशेला जातात. प्रत्येक स्पोक समोरून येणाऱ्या तीन स्पोकना ओलांडतो, पहिल्या दोघांच्या वरून म्हणजे बाहेरून आणि तिसऱ्याच्या खालून. खालून नेताना थोडा वाकवावा लागतो, घाबरू नका. मग डावीकडे तसंच. सगळं झालं की एक नजर टाका: रिमवर सलग चार स्पोकची नक्षी चाकभर एकसारखी आली पाहिजे. कुठे ती मोडलेली दिसली तर तिथून मागे उलगडा, ताण दिल्यावर सापडली तर सगळं सोडावं लागतं.

ताण देताना घाई करणारे फसतात. आधी सगळी निपलं एका रेषेत आणा, स्पोकचे आटे निपलमध्ये जेमतेम दिसेनासे होईपर्यंत, सगळ्यांची सारखी. हे नीट केलंत तर अर्धं चाक इथेच सरळ झालं. मग वॉल्वपासून सुरू करून प्रत्येकाला एक पूर्ण फेरा, परत वॉल्वपर्यंत आलं की अर्धा, मग पाव. पाना कुठे फिरवायचा यात सगळे एकदा तरी गोंधळतात: टायरच्या बाजूने स्क्रूड्रायव्हरने बघितलं तर नेहमीच्या स्क्रूसारखं उजवीकडे घट्ट, पण तुम्ही हबकडून पाना लावता तेव्हा ते उलटं दिसतं. निपलवर मार्करने ठिपका ठेवा, फेरे मोजायला सोपं जातं.

चाक थोडं ताठ झालं की तीन गोष्टी आलटून पालटून बघायच्या, एकीच्या मागे लागायचं नाही. वर-खाली उडी आधी: रिम जिथे बाहेर आलीय तिथले दोन डावे दोन उजवे मिळून घट्ट करा, आत गेलीय तिथे सैल. मग डावा-उजवा आऊट: रिम डावीकडे येत असेल तर त्या जागेचे उजवे पाव फेरा घट्ट, डावे पाव फेरा सैल, म्हणजे ताण तेवढाच राहतो. नुसतं घट्ट करत सुटलात तर रिम अंडाकृती होते. आणि तिसरं, रिम हबच्या बरोबर मध्यावर आहे का. त्यासाठी कॅसेट न लावता चाक चिमट्यात उलटं करून लावा, झिप टायपासूनचं अंतर दोन्ही वेळा सारखं आलं पाहिजे. याहून चोख हवं असेल तर तीन सारखे स्टीलचे पेले टेबलवर पालथे ठेवा, त्यावर रिम आडवी ठेवा आणि टेबलपासून खालच्या लॉकनटपर्यंतचं अंतर मोजा, मग चाक पलटी करून परत मोजा. दोन्ही आकड्यांत फरक असेल तर कुठली बाजू घट्ट करायची याचा विचार करत बसू नका, सरळ एका बाजूच्या सगळ्या स्पोकना पाव फेरा द्या आणि फरक कमी झाला की वाढला ते बघा.

किती टाईट, हा तुमचा खरा प्रश्न. मागच्या चाकात कॅसेटकडे १०० ते १२० किलोचा ताण लागतो, रिमवर कंपनीने कमाल आकडा दिला असेल तर त्याच्या आत. डावीकडे तेवढा येणारच नाही, आणा म्हटलं तरी. कारण मगाचे आकडे आठवा, २०.५ आणि ३४.५. रिम मध्यावर राहायची तर दोन्हीकडची आडवी ओढ सारखी पाहिजे, उजव्या स्पोकचा उतार कमी म्हणून त्याला जास्त ओढावं लागतं, हिशोबाने डाव्याचा ताण उजव्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून डावे सैल वाटले तर उजवे अजून घट्ट करायचे असतात, डावे नाही. तुमचे उजवे स्पोक तुटत होते आणि हात लावला तर घट्टही वाटत असतील, पण दहापैकी नऊ वेळा ते मुळात कमी ताणलेले असतात.

मीटर मिळाला एखाद्या मित्राकडून तर उत्तम. नसेल तर कान. एखाद्या चांगल्या कंपनीच्या मागच्या चाकाचा कॅसेटकडचा स्पोक, साधारण तेवढ्याच लांबीचा आणि जाडीचा, निपलजवळ नखाने छेडा आणि तो सूर लक्षात ठेवा, मोबाईलवर ट्यूनरचं ॲप असेल तर स्वर लिहून ठेवा. मग तुमच्या उजव्या सोळांना एकापाठोपाठ छेडा. सगळ्यांचा सूर जवळपास एक पाहिजे, एखादा बसका असेल तर तो सैल, चढा असेल तर जास्त टाईट. उजव्यांची तुलना उजव्यांशीच, डाव्यांची डाव्यांशी. आऊट एक मिलीमीटर असला तरी परवडतं पण एक स्पोक लुळा राहिलेला परवडत नाही. अर्थात दोन्ही साधायचं, घरच्या कामात अर्ध्या मिलीपर्यंत आऊट आला तर ते चाक उत्तम. ताण हद्दीबाहेर गेला तर चाक सांगतं, दाबल्यावर रिम एकदम पापडासारखी दोन्हीकडे वळते. तसं झालं तर सगळ्यांना अर्धा फेरा सोडा, चाक परत जागेवर येतं.

ताण आला की दोन कामं उरतात आणि लोक हीच सोडतात. एक, निपल फिरवताना स्पोकही थोडा पिळला जातो, म्हणून हवं त्याच्या किंचित पुढे फिरवून तेवढंच मागे घ्या. एका स्पोकवर चिकटपट्टीचं झेंड्यासारखं टोक लावून बघा, पीळ डोळ्याला दिसतो. दुसरं, जाड हातमोजे घालून एकाच बाजूचे समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबा, चाकभर, दोन्ही बाजूंनी. कडकड आवाज येईल, येऊ दे. स्पोकचा बाक फ्लँजवर घट्ट बसतोय. यानंतर चाक थोडं आऊट होईल, परत पाव-पाव फेरा, परत दाबा. दाबल्यावरही चाक हललं नाही की समजा बसलं.

रिम डबल वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची, असेल तरी आतून बोट फिरवून बघा, स्पोकचं टोक निपलच्या बाहेर आलं असेल तर कानशीने घासा, मग रिम टेप, ट्यूब, टायर. ब्रेकचे पॅड नवीन रिमला धरून परत लावावे लागतात. पहिल्या दिवशी सातपूरला जाऊ नका, संध्याकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन या, सुरुवातीला चाकातून टिंग टिंग आवाज येतील, तो उरलेला पीळ सुटतोय. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की सगळे स्पोक परत छेडून बघा, एखाद-दुसरा उतरलेला असेल, तो लावून घ्या. आणि स्पोक आणताना दोन्ही मापांचे दोन-दोन जास्तीचे आणून सीटपोस्टच्या नळीत ठेवा, सोबत रिमचा व्यास आणि हबची तिन्ही मापं लिहिलेली चिठ्ठी, पुढची रिम घेताना परत मोजायला नको.